प्लायवर ७१० चा शिक्का होता

आमच्या घरी हिरवा इग्वाना, म्हणजे परदेशी मोठा सरडा आहे, नाव नानू. पाहुण्यांना तो घोरपड वाटतो. मग दर वेळी सांगावं लागतं की घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळली तर मी तुरुंगात असेन. इग्वानाची रीतसर नोंद केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर केलेली आहे. २०१९ मध्ये आणला तेव्हा वीतभर होता. विकणारा म्हणाला होता, "दीड फुटावर थांबतो." २०२२ च्या दिवाळीत शेपटीसकट चार फूट भरला आणि काचेच्या टाकीत त्याला वळताही येईना. ही फसवणूक चार पानं वाचली असती तर टळली असती, म्हणून तिचं रडगाणं गात नाही.

मग सहा फूट उंच, सहा रुंद, तीन खोल असं घर स्वतःच बांधायला घेतलं. हा झाडावरचा प्राणी, त्याला उंची लागते. ऊन खायच्या फांदीपाशी ३५ अंश, आत ७० टक्के दमटपणा, म्हणजे रोज दोनदा फवारणी आलीच. साधा प्लाय यात टिकत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून पुण्याच्या टिंबर मार्केटमधल्या एका दुकानात आयएस ७१० चा, म्हणजे ओलाव्यात टिकण्याच्या भारतीय मानकाचा मरीन प्लाय मागितला. १९ एमएमच्या पाच शीट, चौरस फुटाला ११५ रुपये, एकूण १८,४००. प्रत्येक शीटवर आयएसआयची खूण आणि ७१० चा ठसठशीत शिक्का. "पक्कं बिल करू का?" त्याने विचारलं. १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३१२ रुपये वर. मी म्हटलं, राहू द्या. त्याने चिठोऱ्यावर लिहिलं, 'प्लाय १९ एमएम, ५ नग'.

चौथ्या महिन्यात नानूने मागच्या भिंतीला नखं लावली आणि वरचा पापुद्रा हातभर सोलून खाली आला. आत काळी बुरशी, आणि थरांमध्ये करंगळी जाईल एवढ्या फटी. मिस्त्रीने एकदा बघितलं आणि म्हणाला, "दादा, हा कमर्शियल आहे, साधा प्लाय. मरीन कुठला!"

मी चाकणला एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासतो. शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो.

उरलेला तळहाताएवढा तुकडा आईच्या जुन्या पातेल्यात उकळत ठेवला. ७१० च्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळूनही टिकावा लागतो. याचे पाऊण तासात पदर सुटले. आई डोकावून म्हणाली, "आळूवडी उलगडलीय जणू." मग शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कारखान्याचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला. परवाना कधीच संपलेला, तोही दुसऱ्याच राज्यातल्या कारखान्याचा. हे कळायला एक मिनिट लागलं, आणि हे मिनिट मला दुकानात उभ्या उभ्याही मिळालं असतं.

दुकानदार म्हणाला, "माझ्याकडूनच नेला कशावरून?" चिठोऱ्यावर ना दुकानाचं नाव, ना ७१० चा आकडा. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पहिला प्रश्न आला, बिल आहे का?

पैशांचं एक वेळ सोसलं असतं. पण त्याच सुमारास नानूच्या बोटांना झटके येऊ लागले, आणि खालचा जबडा दाबला की रबरासारखा लवे. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं फिकी आली. कॅल्शियमची पावडर तर मी रोज देत होतो. "ट्यूब कुठली लावलीय?" त्यांनी विचारलं. ऑनलाइन घेतलेली, खोक्यावर 'यूव्हीबी १०.०' छापलेलं, म्हणजे उन्हात असतात ते अतिनील किरण देणारी. मध्ये काच नको हेही पाळलं होतं, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. त्यांनी ट्यूब मागवून घेतली, मीटर धरला. काटा शून्यावरून हलला नाही. ती ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर पांढरे शर्ट चमकवणाऱ्या जातीची, नोटा तपासायला वापरतात तसली ट्यूब होती. यूव्हीबी नाही तर अंगात डी जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. सरडा बसल्या जागी स्वतःच्या हाडांतलं काढून जगतो. खऱ्या ट्यूबचा उजेड पांढुरका असतो. माझी गडद जांभळी होती, आणि मला तर ती भारी वाटली होती! विकणाऱ्याचं पान तोवर गायब झालं होतं.

नवा प्लाय घेताना दुकानातच एकेका शीटचा नंबर ॲपवर बघितला. पोऱ्या कंटाळून शेजारी चहा प्यायला गेला. बिलावर 'आयएस ७१०' आणि तो नंबर लिहून घेतला, जीएसटी भरला. ट्यूब बसवायच्या आधी डॉक्टरांकडे नेऊन मीटरवर बघून घेतली.

झटके तीन महिन्यांत थांबले. जबडा तेवढा वाकडा राहिला. जास्वंदीचं फूल दिलं की अर्धं डाव्या बाजूने खाली पडतं, आणि नानू मान तिरकी करून ते पुन्हा उचलतो.