रिझर्व्ह बँकेचा सुट्ट्यांचा तक्ता: आधी टिंब पाहा, सणाचं नाव नंतर

दर महिनाअखेरीला "पुढच्या महिन्यात बँका पंधरा दिवस बंद" अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि लोक उगाच एटीएमकडे धाव घेतात. या बातमीचं मूळ रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या सुट्ट्यांच्या तक्त्यात असतं. तक्त्यात काही चूक नसते. बातमी करणारे आगरतळ्यापासून तिरुवनंतपुरमपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्यांची बेरीज मारतात, वर शनिवार-रविवार चढवतात आणि आकडा फुगतो. एवढ्या सुट्ट्या कुठल्याच एका शाखेला मिळत नाहीत. म्हणून हा तक्ता मुळातूनच वाचावा. माहितीच्या खात्रीला त्याला पैकीच्या पैकी गुण. वापरायच्या सोयीत मात्र तो काठावर पास होतो.

संकेतस्थळावर बँक हॉलिडेजचा दुवा उघडला की प्रादेशिक कार्यालय आणि महिना निवडायचा. 'सगळी कार्यालये' ठेवलीत तर तीसेक ओळींचं जाजम उलगडतं आणि फोनवर आडवं सरकवता सरकवता कुठली ओळ कुठल्या गावाची हेच कळेनासं होतं. एकच कार्यालय निवडा. महाराष्ट्रासाठी मुंबई, बेलापूर आणि नागपूर अशा तीन ओळी आहेत, गोव्यासाठी पणजी. पुणे, नाशिक, कोल्हापूर शोधत बसू नका. ओळी कार्यालयांच्या नावाने असल्या तरी सुट्टी राज्याची असते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या तिन्ही ओळी एरवी सारख्याच दिसतात.

सुट्टी राज्याची का, तर 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमुळे, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यामुळे. त्याच्या कलम 25 मध्ये सार्वजनिक सुट्टीची व्याख्या आहे: रविवार, आणि राजपत्रात अधिसूचना काढून जाहीर केलेले दिवस. हा अधिकार केंद्राने राज्यांकडे सोपवला आहे. आपल्याकडे सामान्य प्रशासन विभाग पुढच्या वर्षाची यादी आधीच काढतो. 2025 च्या यादीत 24 सुट्ट्या होत्या. त्यांपैकी स्वातंत्र्य दिन आणि पारशी नववर्ष दोन्ही 15 ऑगस्टला, तर गांधी जयंती आणि दसरा दोन्ही 2 ऑक्टोबरला आले. म्हणजे कागदावर 24, हातात 22. त्यातही प्रजासत्ताक दिन, गुढीपाडवा, रामनवमी आणि मोहरम रविवारी.

आता तक्ता कसा वाचायचा. वर तारखा, डावीकडे कार्यालय, सुट्टी असेल त्या चौकोनात टिंब. खाली वेगळ्या यादीत त्या तारखेच्या सणाचं नाव. गोंधळ होतो तो या खालच्या यादीत. एका तारखेला वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळे सण असले की सगळी नावं तिरप्या रेघा मारून एकाच ओळीत कोंबलेली असतात. 22 ऑक्टोबर 2025 च्या नोंदीत बलिप्रतिपदा, विक्रम संवत नववर्ष, गोवर्धन पूजा आणि बलिपाड्यमी एकापुढे एक उभे होते. 1 मेलाही 'महाराष्ट्र दिन/मे दिन' अशी जोडनोंद असते आणि पणजीच्या ओळीत टिंब दिसतं. ते अर्थातच कामगार दिनाचं. तेव्हा नाव वाचून निष्कर्ष काढू नका. आपल्या ओळीत टिंब आहे की नाही, एवढंच पाहा.

याची खरी परीक्षा दिवाळीत होते. 2025 मध्ये 20 ऑक्टोबरला दिल्ली, बेंगळुरू आणि पणजीच्या बँका बंद, मुंबई-नागपूरच्या चालू. 21 ला लक्ष्मीपूजनासाठी मुंबई-नागपूर बंद. 22 ला पाडवा, पुन्हा बंद. 23 ला भाऊबीज: अहमदाबाद, लखनौ, कोलकाता बंद, मुंबईत बँका उघड्या आणि मंत्रालय बंद! कारण महाराष्ट्रात भाऊबीजेची जादा सुट्टी शासकीय कार्यालयांपुरती असते, ती कलम 25 खाली येत नाही. ज्यांचा व्यवहार पणजी आणि मुंबई अशा दोन ठिकाणी आहे, त्यांनी दोन्ही ओळी शेजारी ठेवूनच तारखा ठरवाव्यात. गोव्यात गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस, 3 डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि 19 डिसेंबरचा मुक्ती दिन आहे. मुंबईच्या ओळीत यातलं काहीच नाही. उलट 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीला 2025 च्या तक्त्यात फक्त महाराष्ट्राच्या तीन ओळींत टिंब होतं.

शनिवार-रविवारचा हिशेब तक्त्याबाहेर आपला आपण करायचा. 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा. पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा पूर्ण कामाचा. सहकारी बँकाही यात आल्या. पतसंस्था ही बँक नव्हे, तिथे त्यांच्या फलकावर लिहिलं असेल ते खरं.

सुट्ट्यांचे प्रकार तीन दाखवलेले असतात. पहिला साध्या सुट्टीचा. दुसऱ्यात 'आरटीजीएसलाही सुट्टी' (आरटीजीएस म्हणजे मोठी रक्कम तत्काळ पाठवायची सोय) असं असतं, पण 14 डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस बाराही महिने चोवीस तास चालतं, त्यामुळे हा रकाना जुन्या काळाचा अवशेष समजून सोडून द्या. तिसरा प्रकार लेखाबंदीचा, म्हणजे वर्षाचे हिशेब बंद करण्याचा: 1 एप्रिलला बहुतेक राज्यांत बँक बंद असते, पण ही सुट्टी बँकेपुरती, सरकारी कचेरी आणि शाळा चालू. त्याच्या आदल्या दिवशीही गंमत होते. 31 मार्च 2025 ला रमजान ईद होती, टिंबही होतं, तरी सरकारी भरणा घेणाऱ्या शाखा उघड्या ठेवण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने काढला. असे आदेश परिपत्रकात सापडतात, तक्त्यात नव्हे. मार्चअखेरीला कर किंवा चलन भरायचं असेल तर दोन्ही बघावं.

तक्त्याची मोठी मर्यादा वेगळीच आहे. तो काउंटर उघडं आहे का एवढंच सांगतो. पैसा हलेल का, ते सांगत नाही. एनईएफटी, म्हणजे खात्यातून खात्यात पैसे पाठवायची सोय, 16 डिसेंबर 2019 पासून रोज चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाला 48 खेपा. यूपीआयला तर सुट्टी ठाऊकच नाही. लोक फसतात ते हप्त्यांच्या बाबतीत. पूर्वी 5 तारीख रविवारी आली की हप्ता सोमवारी कापला जायचा आणि शनिवारी खात्यात खडखडाट असला तरी चालून जायचं. 1 ऑगस्ट 2021 पासून नॅचची (खात्यातून हप्ते आपोआप कापणारी यंत्रणा) वसुली रविवारी आणि सणालाही होते. पगार सुट्टीनंतर जमा होणार आणि हप्ता सुट्टीच्याच दिवशी कापला जाणार, अशी गाठ पडली की हप्ता परत जातो, दंड दोन्हीकडून बसतो आणि क्रेडिट अहवालात नोंद राहते ती वेगळी. उपाय एकच: शिल्लक आदल्या संध्याकाळी पुरेशी ठेवायची आणि त्या तारखेपुरता तक्ता विसरायचा.

मुदत कुठल्या बाजूला सरकते, हेही कागदागणिक बदलतं. हुंडी किंवा वचनचिठ्ठी (ठरल्या तारखेला पैसे देण्याचा कागद) सुट्टीच्या दिवशी देय होत असेल, तर कलम 25 प्रमाणे ती आदल्या कामाच्या दिवशी देय धरतात. मुदत ठेव सुट्टीच्या दिवशी पुरी झाली, तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात आणि मधल्या दिवसांचं व्याज ठरलेल्या दरानेच मिळतं. ते जमा झालं का, हे पावतीवर तपासून घ्या. चेकची मुदत 1 एप्रिल 2012 पासून तीन महिन्यांची आहे. शेवटची तारीख जोडसुट्टीत येत असेल तर आठवडाभर आधी भरून मोकळं व्हावं.

तक्ता बदलतो, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेसाठी 22 जानेवारी 2024 ची सुट्टी राज्याने जेमतेम तीन दिवस आधी जाहीर केली. 2025 मध्ये 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती; विसर्जन आणि ईदचे जुलूस लागून येऊ नयेत म्हणून ईद-ए-मिलादची सुट्टी 5 वरून 8 सप्टेंबरला नेली, तीही फक्त मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत. बाकी महाराष्ट्रात 5 कायम. एरवी सारख्या असणाऱ्या तीन ओळी अशा वेळी फुटतात. मतदानाची सुट्टीही अशीच मागाहून येते. विधानसभेची 20 नोव्हेंबर 2024 ची तशीच आली. म्हणून जानेवारीत एकदा तक्ता उतरवून घ्यावा आणि ईद, मोहरम, निवडणूक असलेल्या आठवड्यात पुन्हा उघडून पाहावा. फोनच्या कॅलेंडरात तो थेट ओढून घ्यायची सोय नाही, तारखा हातानेच टाकायच्या.

बँकेखेरीज इतर कशालाही हा तक्ता लावू नका. जिल्हाधिकारी वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या देतात, त्या राज्य शासनाच्या कार्यालयांना. त्या आदेशातच बँका आणि केंद्राची कार्यालये वगळल्याचं लिहिलेलं असतं. खासगी दुकानं आणि कंपन्यांना 2017 चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. वीस किंवा जास्त कामगार असतील (2025 च्या दुरुस्तीआधी दहा) तर भरपगारी सुट्ट्या आठ: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार मालक-कामगारांनी आपसात ठरवायच्या. "बँकेला सुट्टी आहे, मग आम्हाला का नाही" हा वाद तिथे टिकत नाही. शेअर बाजाराची यादी तर पूर्ण निराळी. 21 ऑक्टोबर 2025 ला लक्ष्मीपूजनाची सुट्टी बाजारालाही होती, तरी मुहूर्ताचे सौदे (दिवाळीत शुभ म्हणून होणारे तासाभराचे व्यवहार) दुपारी 1.45 ते 2.45 या वेळात झाले, आणि तेही दरवर्षीप्रमाणे संध्याकाळी असतील असं धरून बसलेल्यांचा मुहूर्त हुकला.