उपवासकाळातील अभ्यासमाला, सांगली : पापाच्या दुष्परिणामांविषयी

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात सांगलीतील एका मराठी ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) दर शुक्रवारी सायंकाळी पवित्र शास्त्राची अभ्यासमाला चालवली आणि तिचा विषय पापाचे दुष्परिणाम हा होता. प्रवेश सर्वांना खुला व विनाशुल्क होता. टिपणांची छापील पुस्तिका तेवढी विकत घ्यावी लागत होती. या विषयावरची प्रवचने बहुधा नरकाच्या वर्णनाने सुरू होऊन तेथेच संपतात. येथे मात्र पाप केल्यानंतर माणसाचे आणि त्याच्या घराचे याच आयुष्यात काय होते, यावर भर होता.

आरंभ बायबलमधील पहिले पुस्तक असलेल्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाने झाला. आदाम झाडांआड लपतो, विचारणा होताच दोष पत्नीवर ढकलतो आणि पत्नी तो सर्पावर ढकलते. देवाशी दुरावा येताच माणसांमधला विश्वासही कसा उडतो, हे पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) नेमके दाखवले.

संपूर्ण मालिकेतील सर्वांत सकस सत्र इस्राएलचा राजा दावीद याच्यावरचे होते. सैन्य रणांगणावर असताना राजा यरुशलेमेत राहतो, आपल्या सैन्यातील उरीयाच्या पत्नीला बोलावून घेतो, ती गर्भवती झाल्याचे कळल्यावर उरीयाला घरी पाठवण्याची खटपट करतो आणि ती फसल्यावर त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूची व्यवस्था करणारे पत्र सेनापतीकडे धाडतो. एक पाप झाकायला दुसरे करावे लागते आणि त्यात उरीयाबरोबर इतर सैनिकही मारले जातात. नाथान संदेष्ट्याने फटकारल्यावर दावीद कबुली देतो, त्याला क्षमाही मिळते. तरी पुढे त्याचा मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार करतो, तिचा भाऊ अबशालोम अम्नोनाचा वध करवतो आणि बापाविरुद्ध बंड पुकारतो. क्षमा मिळाली म्हणजे परिणाम टळले असे नव्हे, आणि ते भोगणाऱ्या तामारेचा तर काहीच अपराध नव्हता, हा मुद्दा वक्त्यांनी घाई न करता उलगडला. अपराध दडवून ठेवला तेव्हा हाडे झिजली, असे सांगणारे ३२ वे स्तोत्र त्यानंतर वाचले गेले.

आजारपणावरील सत्राविषयी मात्र गंभीर तक्रार आहे. दीर्घकाळ न बरे होणाऱ्या आजारामागे बहुधा कबूल न केलेले पाप असते, असे एका प्रार्थना-सेवकाने ठामपणे सांगितले. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच तर्क मांडला तेव्हा येशूने तो नाकारला, आणि शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असेही त्याने स्पष्ट केले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये शेजारच्या मिरजेत सुरू केलेले मिशन रुग्णालय त्याच श्रद्धेतून उभे राहिले, आणि तेथे रुग्णाला त्याच्या पापांचा हिशेब मागण्याऐवजी उपचार दिले गेले. औषधपाण्याच्या खर्चाने आधीच वाकलेल्या कुटुंबावर असा दोषारोप ठेवणे हे शिक्षण नव्हे. पाळकांनी शेवटी दुरुस्ती केली खरी, पण एका वाक्यात, तीही लोक उठू लागल्यावर.

दुसरी उणीव नुकसानभरपाईची. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले आणि बायबलमधील गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मुद्दलावर पाचवा हिस्सा अधिक देण्याचा नियम आहे. यांपैकी कशाचाही उल्लेख झाला नाही. हळदीच्या बाजारपेठेच्या आणि पतसंस्थांच्या या गावात वजनकाट्यातील लबाडी किंवा बुडवलेली ठेव हे विषय परके नाहीत. (अर्थात, व्यापारी श्रोत्यांसमोर ते काढणे अवघड गेले असावे.) पश्चात्ताप अश्रूंपर्यंत आला, पैशांपर्यंत पोहोचला नाही.

ध्वनिव्यवस्था बरी होती, सत्रे मात्र नेहमी उशिरा सुरू झाली. वचनांचे संदर्भ काळजीपूर्वक दिलेले असल्याने पुस्तिका घेण्याजोगी आहे. दाविदाच्या सत्राला लहान मुलांना नेऊ नये, आणि घरात कुणी दीर्घकाळ आजारी असल्यास आजारपणाचे सत्र सरळ वगळावे.