धोंड्याच्या महिन्यात गावची बँजो पार्टी: बँजोला पैकीच्या पैकी, ऑक्टापॅडला कात्री हवी

लगीनसराईत खान्देशातली बँजो पार्टी स्वतःच्या गावात सापडत नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तांतला एक. त्या दिवशी सकाळी एका गावाला हळद, संध्याकाळी दुसऱ्या गावाला वरात. माहेरवाशिणी झोक्यावर आणि वाजवणारे परगावी, हे दरवर्षीचंच. यंदा २०२६ ला मात्र अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. मुहूर्त नाही म्हणजे सुपारी नाही. गावात धोंड्याचे जावई मुक्कामाला, आणि अख्खी पार्टी पारावर रिकामी. म्हणून बोरी नदीकाठच्या या पार्टीने गावातच संध्याकाळचं वाजवणं लावलंय: कधी शाळेच्या मैदानावर, कधी मारुतीच्या पारावर, कधी नदीच्या कोरड्या वाळूत. तिकीट नाही, स्टेज नाही, खुर्च्याही ज्याने त्याने घरून आणायच्या.

वरातीत ऐकून या पार्टीबद्दल मत केलं असेल तर ते बाजूला ठेवा. वरातीत गाडीवरचे चोंगे पुढे तोंड करून, मागे जनरेटरची घरघर, आणि बँजोवाला मधे कोंबलेला. त्याला स्वतःचाच हात ऐकू येत नाही. मग सगळेच एकमेकांवर आवाज चढवतात. मैदानात हीच माणसं अर्धगोलात बसतात, एकमेकांकडे बघतात आणि वाजवणं एकदम सुधारतं.

सगळ्यात वरचा नंबर बँजोचा. आपण ज्याला बँजो म्हणतो तो खरा बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचा. त्याचा पूर्वज १९१२ साली जपानच्या नागोयात तयार झाला आणि आता तो आपल्याकडच्या हळदीत वाजतो. इथला वाजवणारा नखीचा एकच आघात करून त्यावर दोन-तीन पट्ट्या झरझर बदलतो, त्यातून मुरकी निघते. प्रत्येक सुराला नखी मारणारे पुष्कळ आहेत. त्यांचं वाजवणं टाइपिंगसारखं ऐकू येतं. पट्टी अर्धवट दाबली की तार झणझणते, तेही दोन तासांत फार तर एक-दोनदा झालं. संबळही तसाच पक्का. वाकड्या टोकाच्या काठीने धुमाचा (जाड आवाजाच्या भांड्याचा) घुमारा काढताना तो मध्येच अर्धा ठेका मोकळा सोडतो आणि नाचणाऱ्याचा पाय बरोबर तिथेच पडतो.

ऑक्टापॅडवाल्याला मात्र कुणीतरी आवरायला हवं. ऑक्टापॅड म्हणजे काठीने वाजवायचं विजेवरचं तालवाद्य. आठ पॅड आहेत म्हणून आठही सतत वाजवायचे नसतात. संबळ आणि ढोलकी जिवंत वाजत असताना ऑक्टापॅडवरूनही संबळाचाच आवाज काढला, तर दोन्ही एकमेकांना खातात. गौराईच्या गाण्यांना त्याने नुसती टाळी आणि घुंगरू ठेवलं तेव्हा गायिकेची अहिराणी शब्दन् शब्द कळली. त्याच गाण्याला नंतर इको वाढवला आणि शेवटच्या बाकापर्यंत फक्त ‘वं वं’ पोचलं. मशीनवाल्याने (ॲम्प्लिफायर सांभाळणाऱ्याने) निवेदनाला इको द्यावा, गाण्याला नको.

आता उन्हाळ्याचं गणित, कारण मे महिन्यात खान्देशात सुराचं भांडण माणसांपेक्षा हवेशी जास्त असतं. दुपारभर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या बँजोच्या तारा तापून सैल पडतात, सूर उतरतो. ढोलकीचं कातडं त्याच कोरड्या उन्हात आवळतं, सूर चढतो. म्हणजे एकाच खोलीतून निघालेली दोन वाद्यं उलट्या दिशांना गेलेली. साडेसातला दोन्ही जुळवून बसलं तरी साडेआठला हवा थोडी निवली की तारा ताणून वर जातात आणि कातडं खाली येतं. पहिल्या दिवशी मध्यंतरानंतरची तीन गाणी याच कारणाने कडू झाली. पुढच्या वेळी त्यांनी दोन गोष्टी केल्या. वाद्यं पाच वाजताच बाहेर सावलीत काढून ठेवली, आणि मध्यंतरात चहाच्या आधी पुन्हा जुळवणी. कॅसिओ (कीबोर्डला म्हणायचं कॅसिओ, असतो यामाहा नाहीतर रोलँड) उन्हाने हलत नाही, म्हणून सगळ्यांनी त्याच्या सुराला जुळवायचं. गायिकेच्या आवाजाला तो सूर उंच जात असेल तर कॅसिओ ट्रान्सपोज करा, म्हणजे बटणाने सगळे सूर खाली उतरवा, पण हे जुळवणीच्या आधी ठरवा. गाणं सुरू झाल्यावर बटण दाबलं की बँजोवाला एकटाच जुन्या पट्टीत राहतो.

दुसरी डोकेदुखी लाइटीची. सातच्या सुमारास घरोघरी कूलर आणि शेतात मोटारी, त्यामुळे २३० व्होल्टच्या जागी कधी १८० च मिळतात. मशीन फाटल्यासारखं वाजतं, आणि एक झटका बसला की ऑक्टापॅड बंद होऊन पुन्हा चालू होतो. न साठवलेली सेटिंग गेलीच. जनरेटर लावायचाच. दोन टॉप, दोन बेस (उंच आणि खालच्या सुरांचे स्पीकर) आणि चार बल्बांना ५ केव्हीएचा पुरतो, तीन तासांना चार-पाच लिटर डिझेल धरा. तो पन्नास फूट लांब, भिंतीआड ठेवा आणि वायर अडीच स्क्वेअर एमएमची ओढा. बारीक वायर तापते आणि व्होल्टेज वाटेतच संपतं. कॅसिओ, ऑक्टापॅड आणि मिक्सर एवढेच कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर टाकले तर डिझेल भरायला जनरेटर बंद केला तरी सेटिंग शाबूत राहतात. मशीन त्यावर टाकू नका, यूपीएस तिथेच मान टाकेल.

जागांमध्ये पहिली पसंती नदीची. समोर भिंत नाही, आवाज परत येत नाही, वाळू उरलासुरला पिऊन टाकते. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्याच पात्रात भरते, त्यामुळे या भागातल्या लोकांना वाळूत बसून ऐकणं नवं नाही. नदीत अडचण वाऱ्याची. संध्याकाळी पश्चिमेचा वारा माइकमध्ये भक्-भक् करतो, त्यावर स्पंजची टोपी लागतेच. नसली तर धुतलेला मोजा चालतो, दिसतो वाईट. वळवाचं चिन्ह दिसलं की आधी ताडपत्री मिक्सरवर, मग माणसांवर. धुळीने मिक्सरचे सरकते खटके खरखरायला लागले की ती खरखर हंगामभर जात नाही.

पाराची जागा दिसायला सुंदर, ऐकायला मधली. तिथे कुणीतरी उत्साहाने गल्लीच्या दुसऱ्या टोकालाही चोंगा बांधला. शंभर फुटांवरून आवाज यायला जवळपास एक दशांश सेकंद लागतो. चालत्या ठेक्यात तेवढा वेळ पुष्कळ झाला. मधल्या घरांना प्रत्येक टाळी दोनदा ऐकू आली आणि नाचणाऱ्या पोरांचे पाय चुकले. दोन्ही टॉप एकाच जागी, माणसाच्या डोक्याच्या वर आणि माइकच्या रांगेच्या पुढे ठेवायचे. माइक स्पीकरच्या तोंडासमोर आला की सीटी मारणारच, मग मशीनवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

शाळेच्या मैदानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पत्र्याची एक भिंत घुमते, एवढंच.

वेळेच्या बाबतीत पार्टी सपशेल नापास. मेअखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि लाउडस्पीकर रात्री दहाला बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा कायदा आहे. म्हणजे साडेसातला बसलं तर हातात जेमतेम अडीच तास. त्यातला पाऊण तास ‘हॅलो, चेक, एक-दोन’ करण्यात गेला तर श्रोत्यांनी काय ऐकायचं? परवानगीचा अर्ज पोलीस स्टेशनला आधी द्यावा लागतो, तो ग्रामपंचायतीमार्फत दिलेला बरा. अर्जात जागा आणि वेळ स्पष्ट लिहा.

पैशांचं म्हणाल तर घरच्या गावात सुपारी घेत नाहीत. नारळ, डिझेल आणि नऊ जणांचं जेवण. जेवण मात्र वाजवून झाल्यावर. एका घरी जावयांसाठी आमरस आणि खापरावरचे मांडे झाले होते, तिथे पार्टीलाही आधीच बसवलं. त्या रात्री संबळ पहिला अर्धा तास ढेकर दिल्यासारखा वाजत होता. आधी मठ्ठा आणि पाण्याचे दोन जार, वरण-बट्टी दहानंतर. बक्षिसाच्या नोटा बँजोच्या पट्ट्यांवर ठेवू नका हो दाजी, गाणं अडतं. थाळी ठेवली आहे.

शेवट पावरीचा. खरी पावरी म्हणजे वाळलेला भोपळा, वेळूच्या नळ्या आणि टोकाला कर्णा. साक्री-नवापूरकडचा वाजवणारा गाल फुगवून श्वास न तोडता ती फुंकत राहतो. या पार्टीत ती कॅसिओवर आहे. आवाज साधारण जवळ जातो, पण वाजवणारा मध्ये मध्ये बोट उचलतो आणि तिथेच नक्कल उघडी पडते. खालचा सूर एका बोटाने धरून ठेवला तर निम्मं काम होईल. तरी लोक उठतातच: एकमेकांच्या कमरेला हात, साखळी, आणि कडेला उभे असलेले जावईही ओढले जातात. पावरी साडेनऊला सुरू करा. पावणेदहाला केली की दहाच्या ठोक्याला ‘अजून एक भो, अजून एक’ सुरू होतं आणि मशीनवाल्याची पंचाईत होते.

नदीतल्या कार्यक्रमाला येणाऱ्यांनी प्लॅस्टिकची चटई आणू नये, जाड गोधडी आणावी. अंधार पडल्यावरही वाळू खालून गरम लागते.