पिच वितळवायला घेतलेली हॉटप्लेट : आठ महिन्यांनंतर

वायर ९० सेंटिमीटरची. आठ महिन्यांनंतरही माझी पहिली तक्रार हीच आहे. दुर्बिणीचा आरसा मी घरी पॉलिश करतो, त्याला पिच लागतं, म्हणजे राळेचं डांबरासारखं चिकट मिश्रण. त्याचा धूर घरात नको म्हणून मी गॅलरीत बसतो, आणि तिथलं सॉकेट कमरेच्या वर आहे. प्लेट जमिनीवर ठेवली की वायर ताणून उभी राहते. तिच्यात पाय अडकला तर ११० अंशांचं पिच पायावर. उकळतं पाणी निदान ओघळून जातं. पिच कातडीला धरून बसतं आणि भाजतच राहतं. वर पुस्तिकेत छापलंय, एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. मग १,००० वॉटच्या वस्तूला दीड मीटर वायर द्यायला कंपनीचं काय जात होतं? शेवटी ४५० रुपये मोजून खाली वेगळा पॉइंट काढून घेतला. हे पैसे मी प्लेटच्या किमतीतच धरतो.

सहा इंची आरशासाठी पहिला लॅप, म्हणजे आरसा ज्यावर घासून पॉलिश करतात ती पिचचा थर दिलेली तबकडी, मी गॅसवर पिच वितळवून केला होता. राळ, थोडं मेण, आणि मऊ करायला टर्पेंटाइन. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंशांपासूनच पेट घेऊ शकते, आणि मी ते ज्योतीशेजारी गरम पातेल्यात ओतलं. भपका उठला. झाकण हाताशी होतं, ते टाकलं, गॅस बंद केला, विझलं. पाणी मारलं असतं तर पेटतं पिच अंगावर उडालं असतं. आई दारात उभी होती. दुसऱ्याच दिवशी ही बंद तव्याची प्लेट १,३५० रुपयांना आणली. उघड्या कॉइलची निम्म्या किमतीत मिळत होती, पण लालभडक कॉइल ज्योतीइतकीच वाईट. या प्लेटवरसुद्धा टर्पेंटाइन घालत नाही. पातेलं उतरवून लांब नेतो आणि मगच घालतो.

पहिले दोन महिने मी हिला नावंच ठेवत होतो. नॉबवर १ ते ५ आकडे, अंश कुठेच नाहीत. दिवा विझला तरी बिडाचा तवा तापलेलाच, पिच चढतच जातं. एक घाणा असाच धुरावला. त्यातलं पातळ उडून गेलं, थंड झाल्यावर इतकं कडक झालं की नखाची खूण उठेना, कडेचा टवका निघाला. ३०० ग्रॅम वाया. मग दांडीचा थर्मामीटर आणला आणि मत बदललं. २ वर ठेवून अर्धा तास थांबलं की पिच ११० च्या आसपास टिकतं, मधासारखं ओघळतं. गॅसवर तळ करपायचा आणि वरचा गोळा तसाच राहायचा. त्या घट्ट थराखाली वितळलेलं कोंडलं तर फसकन उडतं, म्हणून आता पिच कापडी पिशवीत घालून हातोडीने बारीक फोडूनच टाकतो. डोळ्यांवर गॉगल असतो, पायात बूट, आणि भाजलं तर हात बुडवायला गार पाण्याची बादली. कातडीवरचं पिच ओरबाडायचं नाही, आधी गार करायचं.

कोळशाच्या डांबराचं पिच स्वस्त पडतं, पण त्याच्या धुराने कर्करोग होऊ शकतो. तिथे मी पैसे वाचवत नाही.

पाचव्या महिन्यात थर्मोस्टॅट अडकला. काटा १६० वर गेला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो म्हणून बटण बंद करता आलं. वॉरंटी वर्षाची. सर्व्हिस सेंटरवाल्याने कडेला सुकलेला थेंब पाहिला आणि ‘स्वयंपाकाखेरीज वापर’ म्हणून प्लेट परत केली. म्हटलं, दादा, थेंब वर आहे, थर्मोस्टॅट खाली आहे, एकदा उघडून तरी बघा. उघडलं नाही. उष्णतेवर चालणाऱ्या वस्तूचा थर्मोस्टॅट बंदच होत नाही, हे कुठल्याही स्वयंपाकघरात तितकंच धोक्याचं आहे, आणि त्याची नोंदसुद्धा घेतली नाही याचा राग अजून गेलेला नाही. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत १८० रुपयांना नवा मिळाला, तिथल्याच कारागिराने बसवून दिला. तीन महिने नीट चालतोय.

डिसेंबरातला मऊ लॅप आता एप्रिलच्या उन्हात ढेपाळलाय, त्याच्या पिचमध्ये पाडलेले चर बुजायला लागलेत. रविवारी टर्पेंटाइन कमी घालून कडक घाणा लावतोय, पहाटे, गॅलरी तापायच्या आत.