उंदरांच्या अभ्यासाला काय धरावे: गुणसूत्रांची स्लाइड की सायटोक्रोम-बी?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी उंदीर-घुशींचा विषय घेतला की हा प्रश्न येतोच. हाताशी वेळ एका हंगामाचा, पैसा बेताचा, आणि मार्गदर्शक विचारतात, "गुणसूत्रं बघणार की डीएनए वाचून घेणार?" पहिल्यात पेशीतली गुणसूत्रे काचेच्या स्लाइडवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. दुसऱ्यात मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमधल्या सायटोक्रोम-बी या जनुकाची डीएनए-अक्षरे वाचतात. दोन्ही करा म्हणायला काही लागत नाही. पण नांदेड-लातूरकडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका वर्षात दोन्ही नीट उरकत नाही. एक आधी धरावे लागते. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण तुमचा प्रश्न वेगळा असेल तर निवडही वेगळी असू शकते.

विषय समजायला आधी दूर जावे लागते, कारण या दोन पद्धतींचा खरा कस दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनात लागला. तिथल्या प्रोएकिमिस या काटेरी उंदरांच्या जाती अंगावरून एकमेकींसारख्या, पण गुणसूत्रांची संख्या कुठे 14, तर कुठे 62. ब्राझीलच्या ओढ्याकाठी राहणाऱ्या नेक्टोमिसच्या दोन जातींचेही तसेच. कातडी आणि कवटी पाहून भलेभले चकतात, पण एकीची मूळ संख्या 52 आणि दुसरीची 56. त्यात काही प्राण्यांत एक-दोन-तीन जादा, नसली तरी चालणारी बी-गुणसूत्रे असतात, म्हणून 53 किंवा 57 भरले तरी गोंधळायचे नाही. इथे स्लाइड एका दुपारी निकाल देते.

उलट ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या जुरुआ नदीकाठी जेम्स पॅटन आणि मारिया नाझारेथ दा सिल्वा या प्राणिशास्त्रज्ञांनी जे दाखवले ते स्लाइडच्या आवाक्यातले नव्हते. नदीच्या दोन काठांवरचे उंदीर वेगळे असतील अशी अपेक्षा होती. सायटोक्रोम-बीच्या अक्षरांनी सांगितले की बऱ्याच जातींत जुनी फाटाफूट वरचा प्रवाह आणि खालचा प्रवाह यांच्यामध्ये आहे, दोन काठांमध्ये नाही. एखाद्या जातीत विविधता किती आहे, कुठली वस्ती कधीपासून तुटली, हे प्रश्न असतील तर 1140 अक्षरांचा हा जनुक घ्यावा. स्लाइडवर विविधतेचे असे माप निघत नाही.

आपल्याकडे मात्र प्रश्न बहुधा पहिल्या प्रकारचे असतात. माळ्यावरच्या काळ्या उंदराचेच घ्या. जपानी आनुवंशिकीतज्ज्ञ तोशिहिदे योसिदा यांच्या कामापासून माहीत आहे की आशियाई प्रकारात 42, श्रीलंकेच्या प्रकारात 40 आणि भारतापासून युरोपापर्यंत पसरलेल्या प्रकारात 38 गुणसूत्रे असतात. आशियाई प्रकारातली 11 आणि 12 क्रमांकाची गुणसूत्रे सेंट्रोमिअरपाशी (गुणसूत्राच्या भुजा जिथे मिळतात त्या कंबरेपाशी) जोडली गेली की 40 उरतात. 4 आणि 7 हीदेखील जोडली की 38. जनुके जवळपास तीच, फक्त गाठोडी कमी. इथे नुसत्या मोजणीवर थांबलात तर फसाल: 42 आणि 38 यांच्या संकरातही 40च भरतात. फरक जोड्या लावल्यावर कळतो. श्रीलंकेच्या प्रकारात जोडलेल्या गुणसूत्राची एक पूर्ण जोडी असते. संकरात तशी दोन वेगवेगळी गुणसूत्रे असतात आणि दोन्ही एकेकटी. असे जोडलेले एकेकटे मेटासेंट्रिक (मधोमध कंबर असलेले) गुणसूत्र दिसले तर तो प्राणी फार मोलाचा, कारण दोन प्रकार प्रत्यक्षात मिसळतात की नाही याचा तो जिवंत पुरावा आहे. सायटोक्रोम-बी फक्त आईकडून येतो, म्हणून संकर असला तरी तो आईचेच नाव सांगणार.

शेतातल्या इवल्या उंदरांचेही तेच. मस बुडुगा आणि मस टेरिकलर दोघांत गुणसूत्रे 40. पण टेरिकलरमध्ये पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या जोडीच्या आखूड भुजांवर हेटेरोक्रोमॅटिनची (घट्ट गुंडाळलेल्या, जवळपास जनुके नसलेल्या डीएनएची) भर कमी-जास्त असते आणि त्यावरून त्याचे तीन प्रकार पाडले आहेत. ही भर सी-बँडिंग हे खास रंजन केले की गडद ठिपक्यासारखी उठून दिसते. सायटोक्रोम-बीला तिचा पत्ताच नाही.

आता ज्या एका कटकटीने माझ्यापुरता निकाल लावला ती सांगतो: दुहेरी शिखर.

पीसीआर, म्हणजे जनुकाच्या लाखो प्रती काढणे, छान होतो. 50 अंशांवर प्रायमर (प्रतीची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसतो, जेलवर 1200 अक्षरांच्या आसपास एकच स्वच्छ पट्टी येते, नमुना सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरे वाचायला, जातो. आलेख उघडला की पहिली दोनेकशे अक्षरे सुरेख, मग एका जागी निळ्या शिखराखाली लाल शिखर. थोडे पुढे गेले की पुन्हा. निळे म्हणजे सी, लाल म्हणजे टी. संगणक कधी दोन्हीऐवजी वाय लिहितो, कधी उंच शिखर निवडून मोकळा होतो. हे दुसरे जास्त वाईट, कारण फाइल स्वच्छ दिसते. कारण बहुतेक वेळा असे असते की मायटोकाँड्रियातल्या या जनुकाची जुनी, निकामी नक्कल केंद्रकात बसलेली असते आणि सार्वत्रिक प्रायमर तिलाही उचलतात. ती नक्कल तुमच्या वंशवृक्षात शिरली की जिथे काही नाही तिथे नवी जात उगवते.

उपाय आहेत. रक्ताऐवजी यकृत किंवा स्नायू घ्यावा, कारण रक्तात मायटोकाँड्रियाचा डीएनए तुलनेने कमी पडतो. दोन्ही बाजूंनी वाचून घ्यावे. तसेही एका बाजूने सातशे-आठशे अक्षरांपुढे भरवसा राहत नाही. मग प्रथिनात भाषांतर करून मध्येच थांबा-संकेत येतो का ते पाहावे. हे करताना पृष्ठवंशी मायटोकाँड्रियाची संकेतसारणी निवडायला विसरू नका. साध्या सारणीत टीजीए म्हणजे थांबा, इथे तो ट्रिप्टोफॅन असतो. सारणी चुकली तर चांगला क्रमही नक्कल समजून फेकला जातो. हे सगळे करता येते. पण प्रत्येक फेरीला नवा नमुना, नवे बिल आणि काही आठवड्यांची वाट. चूक नेमकी कुठे झाली हे आपल्या हातात आणि डोळ्यांसमोर कधीच नसते. मला हेच सोसले नाही.

स्लाइडची चूक त्याच संध्याकाळी दिसते, आणि कारणासकट दिसते. गुणसूत्रे आखूड, जाड, गोळ्यांसारखी म्हणजे विभाजन मध्येच थांबवणारे कोल्चिसीन फार वेळ राहिले. घट्ट गठ्ठा म्हणजे पेशी फुगवणारे हायपोटॉनिक द्रावण कमी पडले. पेशी फुटून गुणसूत्रे इकडेतिकडे, एका पेशीत 41, दुसरीत 37 म्हणजे ते जास्त झाले. भोवती निळसर धुके म्हणजे पेशी आहे तशा टिकवणारे फिक्सेटिव्ह शिळे. दुसऱ्या दिवशी तेवढेच सुधारायचे.

कृती अशी. आदल्या दिवशी 25 मिली कोमट पाण्यात 2-3 ग्रॅम कोरडे यीस्ट आणि 5-6 ग्रॅम डेक्स्ट्रोज फसफसवून 25 ग्रॅम वजनामागे अर्धा मिली पाठीच्या कातडीखाली द्यावे. 24 तासांनी अस्थिमज्जेत विभाजन वाढलेले मिळते. मग 0.04 टक्के कोल्चिसीन, 100 ग्रॅमला 1 मिली, पोटात. बुडुगा 12 ग्रॅमचा असला तर 0.12 मिली, म्हणून इन्सुलिनची सिरिंज लागते. हे विष आहे, हातमोजे हवेतच. दीड-दोन तासांनी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीने मंजूर केलेल्या पद्धतीने प्राणी शांत करून मांडीच्या हाडातली मज्जा 0.56 टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये (हेच हायपोटॉनिक) धुऊन काढायची आणि 37 अंशांवर 20 मिनिटे ठेवायची. फिक्सेटिव्ह म्हणून तीन भाग मिथेनॉल, एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड त्याच दिवशी कालवलेले घ्यावे. पहिले काही थेंब नळी हलवत हलवत. एकदम ओतले तर मज्जेची गाठ बनते आणि ती पुन्हा सुटत नाही. तीन वेळा बदलून, थंड ओल्या काचेवर वीतभर उंचीवरून दोन-तीन थेंब. शेवटी पीएच 6.8च्या बफरमधला 5 टक्के गिम्सा हा रंग दहा-पंधरा मिनिटे. किमान वीस चांगल्या मेटाफेज (विभाजनात गुणसूत्रे मोजता येतील अशा अवस्थेतल्या पेशी) मोजल्याशिवाय संख्या लिहू नये.

मराठवाड्यात यातला एक टप्पा हमखास दगा देतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत थेंब काचेवर पडताच उडतो, पेशी पसरायच्या आत वाळते, आणि माणूस हायपोटॉनिकला दोष देत बसतो. काच पातेल्यातल्या वाफेवर क्षणभर धरून मग थेंब टाका, शेजारी ओले फडके पसरून ठेवा. फरक लगेच कळतो. बाकी वीज गेली तरी अडत नाही. थर्मासमधले 37 अंशांचे पाणी आणि हाताने फिरवायचे सेंट्रीफ्यूज एवढ्यावर काम निभते. पीसीआर अठराव्या चक्रावर असताना लाइट गेली तर तो नमुना गेलाच.

स्लाइडचा मोठा तोटा लपवत नाही: प्राणी जिवंत हवा. रब्बी ज्वारी निघाली की उंदीर बांधावर आणि कडब्याच्या गंजीकडे सरकतात. पिंजरे तिथेच लावायचे, आत शेंगदाण्याचा कूट आणि ज्वारीच्या पिठाचा तेलातला गोळा. पण ऊन चढले की पत्र्याच्या पिंजऱ्यात प्राणी तास-दीड तासही काढत नाही. वर ओले गोणपाट टाकावे आणि उजाडताच फेरी मारावी. उशीर झाला तर मज्जा निकामी, आणि जीवही वाया जातो याचे वाईट वाटते. मेलेल्या प्राण्यावर, जुन्या कातडीवर काम करायचे असेल किंवा दोनशे नमुने तपासायचे असतील तर वाद नको, सायटोक्रोम-बी घ्या.

पण पंचवीस-तीस प्राणी आणि "हा नक्की कोण?" हा प्रश्न असेल, तर मी आधी स्लाइडच करेन. उरलेला पेशींचा गाळ फिक्सेटिव्हमध्ये उणे 20 अंशांवर वर्षानुवर्षे टिकतो, म्हणजे शंका आली की नवी स्लाइड काढता येते. त्याच प्राण्याच्या यकृताचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये, स्लाइडचाच क्रमांक देऊन ठेवा. पुढे निधी मिळाला तर अक्षरे वाचून घेता येतील. क्रमांक शिसपेन्सिलीने जाड कागदावर लिहून बाटलीच्या आत टाका. बाहेरची शाई अल्कोहोलच्या एका थेंबाने जाते.