ठोकळ्यांचा रोबोट की मायक्रोबिट?

शाळेच्या रोबोटिक्स क्लबसाठी पैसे एकदाच मिळणार आहेत आणि बऱ्याच मुलांच्या घरी संगणक नाही. अशा वेळी मोटर-सेन्सरसकट ठोकळ्यांचा तयार संच घ्यायचा, की त्याच पैशांत बरेच मायक्रोबिट, म्हणजे प्रोग्राम उतरवता येणारे, तळहातावर मावणारे छोटे संगणक-बोर्ड? मी दोन्ही वापरलेत.

संच वाईट नाही, हे आधीच सांगतो. पहिल्याच तासाला गाडी पळते, भिंतीजवळ येऊन थांबते, आणि मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढे येतात. मायक्रोबिटला तो थाट नाही. बारीक २५ दिवे, दोन बटणं. काही पळवायचं तर मोटर, चाकं, मोटरचा बोर्ड, सगळं वेगळं घ्या.

माझं बिनसलं ते मोडामोडीवरून. पुढच्या तुकडीला तोच संच हवा, म्हणून तास संपायच्या दहा मिनिटं आधी चालता रोबोट उकलायचा आणि पाचशेच्या वर तुकडे मोजून खणांत लावायचे. एकदा एक पिन सापडेना. कुणी काही बोललं नाही, पण वर्गातल्या सगळ्यांत गरीब मुलानं न विचारताच खिसे उलटे करून दाखवले. पिन दुसऱ्या दिवशी खणाच्या फटीत मिळाली. तो दोन आठवडे फिरकला नाही. शिवाय चौघांत एक संच दिला की माउस जातो तो घरी संगणक असलेल्याच्याच हातात.

मायक्रोबिट घरी जातो. बीबीसीनं २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांना सुमारे १० लाख बोर्ड फुकट वाटले, ते मुलांनी स्वतःजवळ ठेवावेत म्हणूनच. मेककोडमध्ये, म्हणजे संगणकावर चित्रातले ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या साइटवर, केलेला प्रोग्राम बोर्डावर उतरवला की तिथंच राहतो. घरी दोन ट्रिपल-ए सेल पुरतात. आमच्याकडच्या एका मुलीनं पावलं मोजणारा प्रोग्राम केला आणि बोर्ड रबरबँडसकट घरी नेला. सेल काढले की मोजणी पुन्हा शून्यापासून, हे तिला ठाऊक होतं. सकाळी आली ती तळहातावर पेनानं आकडा लिहून. पावलं आईची होती.

तुमच्याकडची मुलं वेगळी असतील, हिशेबही वेगळा निघेल. मायक्रोबिट घेतलेच तर २०२० मध्ये आलेली दुसरी आवृत्ती (V2) बघा, तिच्यात स्पीकर आणि माइक आहे. केबली मात्र तपासून घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलीनं प्रोग्राम उतरत नाही, आणि आमचा एक अख्खा तास त्यातच गेला. संच आधीच कपाटात असेल तर त्यातला एक रोबोट न मोडता तसाच राहू द्या.