जुन्या गाडीला साधं पेट्रोल की ९५ ऑक्टेनचं?

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० मध्ये ‘पॉवर’ किंवा ‘एक्सपी ९५’सारखं महागडं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की गाडी पळते, असं छातीठोकपणे सांगणारे भरपूर भेटतात. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू न देण्याची ती क्षमता. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, नऊच्या खालीच, त्यामुळे साध्या पेट्रोलवर ते नीट चालतं. महागड्यातली साफसफाईची रसायनं थोडी उपयोगी पडतात, पण वरचे पैसे मी ट्यूनिंगला देईन.

मात्र चढाला लोडवर इंजिन खडखडत असेल, तर आधी ठिणगीचं टायमिंग आणि स्पार्क प्लग बघा. तरीही आवाज राहिला, तर ९५ ची टाकी भरून पाहायला हरकत नाही.

खरी डोकेदुखी पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलची, आणि ती ९५ घेऊन टळत नाही. तेही मिश्रितच असतं. २० टक्के इथेनॉलने ॲव्हरेज थोडं घटतं, जुने रबरी पाइप नि गॅस्केट फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. कोकणात पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत हे पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका. पाइप इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या. दोन्हींतल्या कुठल्याही पेट्रोलपेक्षा याने जास्त फरक पडेल.

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम की हिंदुस्तान पेट्रोलियम? साध्या पेट्रोलात फारसा फरक नाही. खप असलेला पंप निवडा. शंका आली तर फिल्टर पेपर मागा: थेंब टाका, वाळल्यावर गडद डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्या.